‘खुणांचा कसला इला व्याकरण?’ : भाषाविज्ञानाच्या परिषदेत नेमकं चालतं काय

कुडाळच्या एसटी स्टँडसमोर चहा घेत होतो. बाकावर शेजारी बसलेल्या आबांनी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची चार ओळींची बातमी माझ्यापुढे सरकवली. जिल्ह्यात भाषाविज्ञानाची दोन दिवसांची परिषद, विषय ‘बोलण्याच्या आणि खुणांच्या भाषा’. आबांचं बोट ‘खुणांच्या’ या शब्दावर टेकलेलं. “बोलींचा माका समाजता. पण खुणांचा कसला इला व्याकरण? हातवारे करूक परिषद कित्याक व्हयी?”

मी त्या परिषदेला दोन्ही दिवस बसून आलो. मी प्राध्यापक नाही, पोटापाण्यासाठी भाषांतरं करतो. तिथलं निम्मं मला पहिल्या झटक्यात कळलं नाही, हे आधीच कबूल करतो. पण आबांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मिळालं, आणि ते उत्तर मालवणीतूनच सुरू होतं.

भाषाविज्ञान म्हणजे शुद्धलेखन नव्हे

भाषाविज्ञानाचा माणूस म्हटलं की लोकांना एक तर दहा भाषा येणारा पंडित आठवतो, नाहीतर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढणारे गुरुजी. तो दोन्ही नसतो. माशांचा अभ्यास करणारा बांगड्याला ‘तू चुकीचा पापलेट आहेस’ असं म्हणत नाही. बांगडा कसा पोहतो, कुठे अंडी घालतो, हे तो बघतो. भाषाविज्ञान भाषेकडे असंच बघतं: माणसं बोलतात कशी, आणि ते त्यांना जमतं कसं.

एक वाक्य घ्या. मी आंबा खाल्ला. मी चिंच खाल्ली. मी केळं खाल्लं. खाणारा एकच, पण क्रियापद फळाप्रमाणे बदलत गेलं. आता वर्तमानकाळात या. मी आंबा खातो, मी चिंच खातो, मी केळं खातो. फळं तीच, पण क्रियापद ढिम्म हलत नाही, कारण इथे ते खाणाऱ्याच्या बाजूने उभं आहे. म्हणजे भूतकाळात गेलं की मराठी क्रियापद पक्ष बदलतं. पुढे आणखी गंमत. ‘त्याने आंबा खाल्ला’ मध्ये ‘ने’ लागतो, पण मी आणि तू या दोघांना ‘ने’ माफ. शेजारच्या हिंदीत मात्र ‘मैंने’ म्हटल्याशिवाय सुटका नाही.

हे तुम्हाला शाळेत कुणी शिकवलेलं नाही. शाळेत जाण्याआधीच ते तुम्हाला येत होतं. आपल्याला येतं, पण सांगता येत नाही, अशा नियमांचा जो साठा डोक्यात असतो त्याला भाषाविज्ञान व्याकरण म्हणतं. पुस्तकातलं व्याकरण ही त्याची अर्धवट नक्कल. या लेखात पुढे ‘व्याकरण’ म्हटलं की हा डोक्यातला साठाच समजायचा.

परिषदेत फळ्यावर एखाद्या वाक्याआधी चांदणी काढलेली दिसते: ‘*मी चिंच खाल्ला’. चांदणी म्हणजे ‘असं कुणी बोलत नाही’. ‘असं बोलू नये’ हा तिचा अर्थ नाही, आणि या दोन अर्थांतलं अंतर बरंच मोठं आहे.

‘माका’ चुकीचं का नाही

सातवीत असताना निबंधातला ‘माका’ लाल शाईने खोडून वर ‘मला’ लिहिलेला मला अजून आठवतो. बाई प्रेमळ होत्या. पण ‘माका’ म्हणजे बिघडलेलं ‘मला’, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते पुढची वीस वर्षं.

परिषदेत अशी वाक्यं तीन ओळींत मांडतात. वर मूळ, मध्ये तुकडे सुटे केलेले, खाली अर्थ:

माका भूक लागली
मा-का / भूक / लाग-ली
मी-ला / भूक / लागणे-भूतकाळ-स्त्रीलिंग

‘मा’ला ‘का’ लागला, जसा प्रमाण मराठीत ‘म’ला ‘ला’ लागतो. आता ‘तुका’ बघा, ‘तेका’ बघा, ‘झिलाक’ (मुलाला) बघा. सगळीकडे तोच ‘क’, आणि नेमून दिलेल्या जागीच. प्रमाण मराठीत जे काम ‘ला’ करतो तेच इथे ‘का’ किंवा ‘क’ करतो. मालवणी माणूस ‘माका’ऐवजी ‘माला’ म्हणाला तर गावात त्याच्याकडे वळून बघतील, कारण तिथे चांदणी ‘माला’वर आहे. नियम पाळला जातोय, फक्त पुण्याचा पाळला जात नाही.

मग मालवणी ही भाषा की बोली? यावर परिषदेत कुणी भांडेल म्हणून मी सरसावून बसलो होतो. कुणी भांडलं नाही. ब्रिटिश अधिकारी ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) कोकणीच मराठीची बोली म्हणून आली आहे. १९९२ मध्ये कोकणी घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली, म्हणजे सरकारदरबारी स्वतंत्र भाषा झाली. भाषाशास्त्रज्ञ अ. मा. घाटगे यांनी ‘कुडाळी’वरचं, म्हणजे मालवणीवरचंच, पुस्तक १९६५ मध्ये काढलं ते मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत, आणि जनगणना मात्र मालवणीला कोकणीच्या गटात मोजते. बोलणारी माणसं तीच, अंगण तेच. कागदावरची वर्गवारी तेवढी इकडून तिकडे गेली. ती राजकारणाची, शाळांची, अनुदानाची गोष्ट आहे, आणि म्हणून महत्त्वाचीही आहे. पण ‘माका’चं व्याकरण तिच्यावर अवलंबून नाही.

एवढं पटलं असेल तर आता हातांकडे वळू.

तांडेलाचा हात आणि बहिऱ्या मुलीचा हात

मालवण-देवगडच्या बंदरात इंजिनाच्या धडधडीत काही ऐकू येत नाही, तेव्हा तांडेल, म्हणजे होडीवरचा प्रमुख, हातानेच सांगतो: ओढ, सोड, थांब, डावीकडे. खलाशाला ते बरोबर कळतं. आबांच्या डोळ्यांसमोर होते ते हे हातवारे. ते भाषा नाहीत, इथपर्यंत आबा बरोबर आहेत. ‘काल जाळं लवकर ओढलं असतं तर फाटलं नसतं, असं तुझा भाऊ म्हणत होता’ हे तांडेलाला हाताने सांगता येणार नाही. त्यासाठी तो किनाऱ्याला लागायची वाट बघेल.

कर्णबधिर माणसांच्या समाजात वाढलेली मुलगी मात्र हे वाक्य हाताने सांगते, कालच्या, जर-तरच्या आणि भावाच्या बोलण्याच्या सगळ्या घड्यांसकट. तिथे तिच्याकडे पुरती भाषा असते. आपल्याकडे तिला भारतीय सांकेतिक भाषा म्हणतात. मी पुढे सोपं म्हणून खुणांची भाषा म्हणतो.

हे ओळखायला विद्वानांना फार वेळ लागला. १९६० मध्ये विल्यम स्टोकी या अमेरिकी प्राध्यापकाने दाखवलं की खूण हे अखंड चित्र नसतं. शब्द जसा आवाजांचा बनतो, तशी खूण ठरावीक तुकड्यांची बनते: पंजाचा आकार, तो लावायची जागा, त्याची हालचाल. पुढे इतरांनी यात तळहाताची दिशा आणि चेहऱ्यावरचे भाव यांची भर घातली.

मराठीत काल, गाल, ताल, माल म्हणून बघा. एकच आवाज बदलला की शब्द बदलतो. अमेरिकी खुणांच्या भाषेत उघड्या पंजाचा अंगठा हनुवटीला लावला की ‘आई’. तोच पंजा, तोच अंगठा कपाळाला लावला की ‘वडील’. बाकी काही बदललेलं नाही, फक्त जागा. काल आणि गाल यांच्यात जेवढा फरक, तेवढाच हा.

सगळे तुकडे प्रत्येक भाषा वापरत नाही, हेही बोलण्यासारखंच. मराठीत ‘चाक’मधला च आणि ‘चाकू’मधला च वेगळे, लिहितो मात्र एकाच अक्षराने. ‘जरा थांब’मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाची जरा एकाच दमात म्हणून बघा, जीभ वेगळ्या जागी जाते. मराठी न येणाऱ्याला हा फरक कानाला लवकर जाणवत नाही. तसंच एका खुणांच्या भाषेत पंजाचा जो आकार शब्द घडवतो तो दुसरीत नुसता विचित्र वाटतो.

‘ती’ म्हणजे कोण?

मला सगळ्यात आवडलेला भाग हा, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

‘आई मावशीला म्हणाली की तिची पर्स हरवली.’ पर्स कुणाची? मराठीत सांगता येत नाही. आईची असेल, मावशीची असेल, वाड्यातल्या तिसऱ्याच बाईची असेल. बोलताना आपण ‘तिची म्हणजे आईची’ असं ठिगळ लावतो.

खुणा करणारी व्यक्ती आधी आईची खूण करते आणि समोरच्या हवेत उजवीकडे एक जागा दाखवते. मग मावशीची खूण, आणि जागा डावीकडे. आता गोष्ट संपेपर्यंत उजवीकडची जागा म्हणजे आई, डावीकडची म्हणजे मावशी. ‘तिची पर्स’ म्हणताना बोट उजवीकडे गेलं की पर्स आईचीच. ‘देणे’ या क्रियापदाचा हात उजवीकडून डावीकडे गेला तर आईने मावशीला दिलं, आणि डावीकडून उजवीकडे आला तर मावशीने आईला. कर्ता आणि कर्म दोन्ही त्या एका हालचालीत मावले. ‘मी चिंच खाल्ली’ मध्ये क्रियापद चिंचेकडे वळतं, तसंच हे क्रियापद माणसांकडे वळतं, आणि तेही डोळ्यांदेखत. आबांनी विचारलं होतं की व्याकरण कुठे आहे. ते हात आणि छाती यांच्यामधल्या त्या दीड हात हवेत आहे.

चेहराही कामाला असतो. ‘तू आलास’ आणि ‘तू आलास?’ यांतला फरक आपण आवाजाच्या चढाने करतो. भारतीय खुणांच्या भाषेत हो-नाही उत्तराच्या प्रश्नात भुवया वर जातात आणि डोकं किंचित पुढे येतं. ‘काय’, ‘कुठे’ असे प्रश्नशब्द वाक्याच्या शेवटी येतात. ‘तू कुठे राहतोस’चा ढोबळ क्रम: तू, राहणे, जागा, काय. ‘वेळ’ आणि ‘काय’ मिळून ‘केव्हा’ होतं. मराठी बोलणाऱ्यांपैकी कुणी ही भाषा मराठीवरून ‘हातावर उतरवली’ असती तर हा क्रम असा आला नसता.

मग जगभर एकच खुणांची भाषा का नाही?

सभागृहाबाहेर हा प्रश्न मला तिघांनी विचारला. याचं उत्तर प्रतिप्रश्नात आहे: जगभर सगळे तोंडानेच बोलतात, मग बोलण्याची भाषा एक का नाही? भाषा एकत्र राहणाऱ्या माणसांत घडते. मालवणचे बहिरे आणि माद्रिदचे बहिरे कधी एकत्र राहिलेच नाहीत. कर्णबधिरांच्या जागतिक महासंघाच्या मते जगात अशा तीनशेहून अधिक भाषा आहेत.

त्यांची नातीही बोलण्याच्या भाषांप्रमाणे जात नाहीत. इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे इंग्रजी, पण तिथल्या बहिऱ्यांना एकमेकांच्या खुणा कळत नाहीत. १८१७ मध्ये अमेरिकेत पहिली मोठी शाळा निघाली ती फ्रान्सहून आलेल्या एका कर्णबधिर शिक्षकाच्या मदतीने, त्यामुळे अमेरिकी खुणांचं माहेर पॅरिसकडे. आपल्याकडे उलटा प्रकार आहे. हिंदी, मराठी, बंगाली वेगवेगळ्या, पण सावंतवाडीचा आणि पाटण्याचा बहिरा माणूस एकमेकांशी बऱ्यापैकी बोलू शकतो. शब्द प्रांताप्रांतात बदलतात, पण व्याकरणाचा सांगाडा बराचसा एकच, अगदी पाकिस्तानपर्यंत. म्हणून ‘मराठी साइन लँग्वेज’ असं काही शोधायला गेलात तर हाती लागणार नाही.

पण खुणा तर चित्रासारख्या असतात!

काही असतात. आपल्याकडे ‘बाई’ची खूण नाकातल्या चमकीच्या जागी बोट लावून होते, ‘पुरुष’ची मिशीवरून. कुणी एकदा सांगितलं की लक्षात राहते. पण सांगितल्याशिवाय ओळखता आली असती का? नाकाला बोट म्हणजे सर्दीही असू शकली असती.

आणि चित्रं काढायची खोड तोंडालाही आहेच. धपकन, सळसळ, किर्र, चिंब. कावळ्याचं नावच त्याच्या ओरडण्यातून आलं. तरीही मराठी कोंबडा कुकूच कू करतो आणि इंग्रजी कोंबडा भलतंच काही. म्हणजे नक्कलसुद्धा प्रत्येक भाषा आपल्या साच्यातून काढते. फरक इतकाच की जगातल्या बऱ्याच गोष्टी दिसतात, वाजत नाहीत, म्हणून हातांना नक्कल करायला जास्त वाव मिळतो.

हळू असणार, हाही एक आक्षेप. एक खूण करायला एका शब्दापेक्षा जास्त वेळ लागतो, हे खरं. पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोजून पाहिलं तेव्हा तीच गोष्ट सांगायला दोन्हीकडे जवळजवळ सारखा वेळ लागला, कारण खुणांत हात, चेहरा आणि जागा एकाच वेळी बोलतात. एका पिशवीत कोंबून भरलं की फेऱ्या कमी होतात, तसं.

मेंदूही हा भेद मानत नाही. डाव्या मेंदूला इजा झाली की बोलणाऱ्यांची वाचा बऱ्याचदा जाते. १९८० च्या दशकात खुणा करणाऱ्या रुग्णांवर अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्याही खुणा डाव्या मेंदूच्या इजेनेच बिघडलेल्या आढळल्या. उजव्या मेंदूला इजा झालेल्यांना चित्र काढणं, जागेचा अंदाज घेणं जड गेलं, पण त्यांची वाक्यं शाबूत होती. खुणा ही नुसती चित्रकला असती तर नेमकं उलट व्हायला हवं होतं.

दोन नव्या भाषा: एक मानाग्वात, एक कोर्लईत

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात १९७० च्या दशकापर्यंत बहिरी मुलं आपापल्या घरी एकेकटी वाढत होती. प्रत्येकाच्या घरात पाच-पंचवीस घरगुती खुणा, ‘जेवण’, ‘झोप’, ‘आजी’, आणि बस. १९७७ पासून राजधानी मानाग्वातल्या शाळांत ही मुलं प्रथमच एकत्र आली. १९८३ पर्यंत त्यांची संख्या चारशेवर गेली. शिक्षक स्पॅनिश ओठांवरून वाचायला शिकवत होते, त्यात फारसं यश येत नव्हतं. पण मधल्या सुट्टीत आणि शाळेच्या बसमध्ये मुलं आपापल्या खुणा एकमेकांना देत-घेत होती. १९८६ मध्ये भाषाविज्ञानाच्या संशोधक जुडी केगल तिथे पोचल्या. त्यांना आणि त्यांच्यानंतर आलेल्यांना दिसलं ते असं: मोठ्या मुलांच्या खुणा तुटक होत्या, पण त्यांच्याकडून शिकलेल्या धाकट्यांनी त्यात नियम आणले होते, अगदी आई-मावशीच्या जागांसारखे. कुणा मोठ्या माणसाने शिकवलेली नव्हती अशी भाषा मुलांनी उभी केली.

हे लांबचं उदाहरण वाटत असेल तर रेवदंड्याला या. कुंडलिकेच्या खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला आहे आणि पायथ्याच्या गावात हजाराच्या आसपास ख्रिस्ती लोक एक वेगळीच भाषा बोलतात. तिला ते ‘नॉ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. चौलला पोर्तुगीज सोळाव्या शतकात आले. शिपाई, त्यांच्या घरातल्या स्थानिक बायका आणि चाकरमाणसं यांना एकमेकांशी बोलायला जी कामचलाऊ मिसळ तयार झाली, ती त्यांच्या मुलांनी उचलली आणि पूर्ण भाषा करून टाकली. १७४० मध्ये पोर्तुगीज निघून गेले. भाषा राहिली. शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद हळूहळू वाक्याच्या शेवटी सरकलं, कारण आजूबाजूला सगळी मराठी, आणि मराठीचं क्रियापद शेवटी बसतं.

दोन्ही ठिकाणी मोठ्यांकडे तुकडे होते आणि मुलांनी त्यांची भाषा केली. एकीकडे तोंडाने, दुसरीकडे हाताने. कोर्लईवरचं आणि मानाग्वावरचं काम एकाच परिषदेत का वाचलं जातं, हे मला त्या दुपारी कळलं.

एकदा परिषदेनेच घात केला होता

१८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. दीडशेहून जास्त प्रतिनिधी, त्यांत स्वतः कर्णबधिर असलेला एकच. ठराव झाला की शाळांत खुणा बंद, फक्त बोलायला आणि ओठ वाचायला शिकवायचं. पुढे अनेक देशांत शाळांमधून कर्णबधिर शिक्षक गेले, खुणा करणाऱ्या मुलांना हात मागे बांधून बसवलं गेलं. २०१० मध्ये त्याच मालिकेतल्या व्हँकुव्हरच्या परिषदेने त्या ठरावांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. मध्ये एकशे तीस वर्षं गेली.

‘मग मुलाला बोलायला शिकवायचंच नाही का?’ सभागृहातल्या एका आईने हे थोडं रागानेच विचारलं. तिचा मुलगा पाच वर्षांचा, कानात यंत्र. राग समजण्यासारखा होता. बहुतेक बहिरी मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांपोटी जन्मतात. त्यांना खुणांची भाषा घरात मिळत नाही, आणि बोलणं अर्धंमुर्धं पोचतं. तिला मिळालेलं उत्तर मला पटलं: यंत्र लावा, बोलणंही शिकवा, पण त्याची वाट बघत भाषेविना वर्षं घालवू नका. पहिली काही वर्षं डोक्याला पुरती भाषा हवी, कुठल्याही वाटेने आलेली. खुणा शिकल्याने मूल बोलायचं थांबतं या भीतीला संशोधनातून आधार मिळालेला नाही. बहिऱ्या आईबापांची बहिरी बाळं तर आपल्या बाळांच्या ‘बाबाबा’सारखी बोटांनीच बडबडतात, हे १९९१ पासून नोंदलेलं आहे. भूक भाषेची आहे, ताट कोणतं हा पुढचा प्रश्न. मात्र खुणा शिकवायला तालुक्यात माणूस कुठे आहे, या तिच्या पुढच्या प्रश्नाला व्यासपीठावर कुणाकडेच धड उत्तर नव्हतं.

सभागृहात काय दिसलं

परिषदेची रीत साधी असते. आधी पानभराचा गोषवारा मागवतात, लेखकाचं नाव झाकून तो तपासतात, निवड झाली तर वीस मिनिटं बोलायला आणि दहा मिनिटं प्रश्नांना. खरं काम चहाच्या रांगेत होतं.

इथे वेगळे होते ते दुभाषी. दोघी होत्या, साध्या गडद रंगाच्या कपड्यांत, म्हणजे हात उठून दिसावेत. दर वीसेक मिनिटांनी अदलाबदल, कारण तेवढ्यात डोकं थकतं. एक कर्णबधिर संशोधक प्रश्न विचारायला उभी राहिली. दुभाषी तिच्या खुणा मराठीत बोलू लागली, “मला असं विचारायचंय…” आणि सगळं सभागृह वळून दुभाषीकडेच बघू लागलं, मीसुद्धा. संशोधक थांबली. मग तिने हसून स्वतःकडे बोट केलं. माना वरमून परत वळल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. कोकणात हे सांगण्यासारखं नाही, पण त्या दिवशी होतं. माइक बंद, पंखे बंद, पत्र्यावर पाऊस असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. आम्ही ऐकणारे गप्प झालो. खिडक्यांतून उजेड होता, त्यामुळे समोरच्या दोन रांगांतल्या कर्णबधिरांच्या गप्पा मात्र जोरात चालू राहिल्या. मी वाकून एकीला वहीत लिहून विचारलं, काय चाललंय? तिने लिहिलं: ‘तुमची वाट बघतोय.’

मला काय त्याचं?

हा आक्षेप आबांचा नाही, पण बऱ्याच जणांच्या मनात असतो. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख लोक देशात नोंदले गेले. त्यांतला कुणी छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात गेला, तर ‘केव्हापासून’ या प्रश्नाचं उत्तर तो कोणत्या भाषेत देणार? लिहून दे म्हणणं सोपं आहे. पण ज्याची पहिली भाषा खुणांची, त्याला लिखित मराठी ही दुसरी भाषा असते, आवाज न ऐकता शिकलेली. आपण फक्त पुस्तकं बघून जपानी शिकावं, तसं काहीसं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खुणांच्या भाषेचा उल्लेख आहे. त्याआधी २०१५ मध्ये दिल्लीत तिच्यासाठी संशोधन आणि प्रशिक्षणाचं राष्ट्रीय केंद्र निघालं. त्याच्या शब्दकोशात २०१८ मध्ये तीन हजार शब्द होते, २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत दहा हजार झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये एका कर्णबधिर वकिलाने दुभाष्याच्या मदतीने सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली. कोर्टात, बँकेत, शाळेत दुभाषी हवा तर आधी कुणीतरी त्या भाषेचं व्याकरण मांडावं लागतं, नाहीतर दुभाष्याला शिकवणार काय? कंटाळवाण्या तीन ओळींच्या वाक्यांचा उपयोग तिथे होतो.

एका मुद्द्यावर मात्र माझं मन अजून स्थिर नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात ही भाषा देशभर प्रमाणित करण्याची गोष्ट आहे. पुस्तकं, परीक्षा, टीव्हीवरचे धडे यांसाठी ते लागणारच. पण ‘प्रमाण’ हा शब्द ऐकला की मला ‘माका’वरची लाल शाई दिसते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठी बोलींच्या सर्वेक्षणासाठी गावोगाव जाऊन लोकांचं बोलणं जसं आहे तसं ध्वनिमुद्रित केलं. खुणांचंही तसंच व्हायला हवं, प्रमाण ठरण्याआधी.

शेवटच्या सत्रानंतर खुर्च्या उचलेपर्यंत पुढच्या रांगेत घोळका जमला होता. कुणीतरी दुभाषीला विचारलं होतं, तिरफळाला खूण काय? तिला माहीत नव्हती. तीन जण पुढे आले. वेंगुर्ल्याच्या एका बाईंनी दोन बोटांत बारीक फळ धरून ते ठेचून दाखवलं. तरुण मुलाने जिभेच्या टोकाशी बोटं थरथरवली, कारण तिरफळ चावलं की जीभ बधिर होते. तिसऱ्या गृहस्थांनी हात वर नेऊन खोडावरचे काटे दाखवले आणि बोट झटकलं, ते झाडावर चढून तिरफळं काढत असणार. तिघं आपापल्या खुणेवर अडून बसले. दुभाषीने मोबाइल उभा धरून तिघांचाही व्हिडिओ घेतला आणि प्रत्येकाला गावाचं नाव विचारून वहीत लिहिलं.